दगडफुलातले रंग आणि माणसाचं यकृत

गोडा मसाला करायचा असला की आमच्या घरी दगडफूल निवडायचं काम माझ्याकडे येतं. धणे, तीळ, सुकं खोबरं भाजायला बसलेला हात लागतो. दगडफुलाला नुसते डोळे पुरतात. सालीचे कपचे, काड्या, माती बाजूला काढायची आणि चुरगळलेल्या कागदासारखे ते तुकडे ताटात पसरायचे. वरून राखाडी, खालून काळे, कडेला तपकिरी. गरम तेलात पडेपर्यंत त्यांचा खरा वास कळत नाही, आणि रंग म्हणावा असं तर त्यात काहीच दिसत नाही.

या वर्षी मी त्यातले दहाबारा मोठे तुकडे वेगळे काढले. ब्लेडच्या टोकाने वरचा राखाडी पापुद्रा हलकेच खरवडला. आत कापसासारखा पांढरा थर असतो. त्या थरावर काडीने फरशी पुसायच्या ब्लीचचा एकेक थेंब ठेवत गेलो. पहिल्या पाच तुकड्यांवर काहीच घडलं नाही. सहाव्यावर मात्र थेंब टेकताक्षणी पांढऱ्याचं लाल झालं, ओल्या कुंकवासारखं, आणि बघता बघता काही सेकंदांत विरूनही गेलं. पुढच्या तुकड्यांतले आणखी तीन असेच लाल झाले. ब्लीच लागलेले सगळे तुकडे टाकून दिले, पण तो क्षणभराचा लाल रंग दिवसभर डोळ्यांपुढून हलला नाही.

ती करामत लेकॅनोरिक आम्लाची. हे आम्ल स्वतः रंगहीन असतं. ब्लीचशी गाठ पडली की लाल होतं. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही खूण १८६६ साली वापरात आणली, आणि आजही दगडफुलांचे अभ्यासक रानात जाताना ब्लीचची आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडची अशा दोन छोट्या बाटल्या बरोबर घेतात. बाजारातल्या पुडीत सहसा एकाच जातीचं दगडफूल नसतं, तीनचार जातींची सरमिसळ असते. लाल झाले ते तुकडे बहुधा पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीचे. टिंक्टोरम म्हणजे लॅटिनमध्ये ‘रंगाऱ्यांचं’. राखाडी दिसणाऱ्या या जिवाला असं नाव का मिळालं, ते पुढे येईलच.

दगडफूल म्हणजे लायकेन. मराठीत त्याला शैवाक असाही शब्द आहे. आयुर्वेद त्याला शैलेय म्हणतो. ते फूल नाही, आणि बाजारातलं बरंचसं दगडावरचंही नसतं, हिमालयाच्या उतारांवरच्या झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. खरं तर ते एक झाडही नाही. बुरशीने घर बांधायचं, त्यात हिरव्या किंवा निळ्या-हिरव्या शैवालाला ठेवून घ्यायचं, शैवालाने उन्हातून साखर बनवायची आणि दोघांनी ती खायची, असा हा संसार. जगात अशा सुमारे वीस हजार जाती आहेत. त्यांत हजाराहून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली बहुतेक दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. पिवळी, नारिंगी, लाल, तपकिरी द्रव्यं त्यांतलीच, आणि लेकॅनोरिक आम्लासारखी, रंग पोटात लपवून बसलेलीही त्यांतलीच.

या रंगांच्या औषधी गुणांबद्दल जे जे हाताला लागलं ते गेली काही वर्षं वाचतो आहे. वाचताना एक गोष्ट राहून राहून समोर आली. वाट कुठूनही सुरू झाली तरी ती माणसाच्या यकृतापाशी येते. कधी इलाज म्हणून, कधी निदान म्हणून, कधी घात म्हणून.

पहिली वाट भिंतीवरून येते. युरोपात जुन्या दगडी भिंतींवर, कौलांवर, बंदरातल्या धक्क्यांवर नारिंगी-पिवळे गोल ठिपके दिसतात. ते झँथोरिया पॅरिएटिना. त्यातल्या द्रव्याचं नाव पॅरिएटिन, तेही भिंतीसाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आलेलं. तिथल्या जुन्या वैद्यकात एक समजूत घट्ट होती: देवाने प्रत्येक औषधावर त्याच्या उपयोगाची खूण उमटवून ठेवली आहे. फुप्फुसासारखं दिसणारं लायकेन छातीच्या विकारांवर, केसांसारखं लोंबणारं केसांसाठी. पिवळं लायकेन अर्थातच काविळीवर. आपल्याकडेही कावीळ झालेल्या माणसाला हळद वर्ज्य करणारी घरं आहेत. रंगाचं रंगाशी नातं जोडायची ओढ माणसाला सगळीकडेच आहे. त्या पिवळ्या काढ्याने कावीळ बरी होत असल्याचा पुरावा नाही.

पण लायकेन हा रंग कशासाठी बनवतं, याचं उत्तर त्या वैद्यांच्या कल्पनेपेक्षा सुंदर आहे. सावलीतलं झँथोरिया हिरवट राखाडी असतं, उन्हातलं गर्द नारिंगी. नॉर्वेतल्या सोलहाउग आणि गाउस्ला या संशोधकांनी सुकलेलं, पण जिवंत झँथोरिया ऍसिटोनमध्ये धुतलं. पॅरिएटिन धुऊन निघालं, जीव शाबूत राहिला. लायकेन एरवीही कोरडं पडून निपचित होतं आणि पाणी मिळालं की पुन्हा जागं होतं, म्हणून हे जमतं. रंग गेलेल्या तुकड्यातल्या शैवालाला प्रखर निळ्या उजेडाचा तडाखा बसला, रंग असलेल्यातलं शैवाल मात्र वाचलं. आणि धुतलेल्या तुकड्यावर पुन्हा अतिनील किरण पडू दिले तेव्हा बुरशीने नवा रंग घडवायला घेतला. म्हणजे पॅरिएटिन ही घराची छत्री आहे. आतला कमावता भागीदार भाजून निघू नये म्हणून बुरशीने धरलेली. रुसाव्हस्किया एलेगन्स हे याच कुळातलं नारिंगी लायकेन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर दीड वर्ष ठेवून परत आणलं तेव्हा त्यातला काही भाग जिवंत होता. त्यात या रंगाचाही वाटा असावा.

हेच पॅरिएटिन २०१५ साली अगदी वेगळ्या ठिकाणी उगवलं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठात जिंग चेन यांचा गट कर्करोगाच्या पेशींची भूक तपासत होता. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला नवा डीएनए आणि नवी चरबी सतत लागते, आणि त्यासाठी ती साखर एका आडवाटेने वापरते. त्या आडवाटेवरचं एक महत्त्वाचं विकर म्हणजे सिक्सपीजीडी. हे विकर अडवणारं काही मिळतं का, हे पाहायला रसायनांचे संग्रह चाळले गेले आणि हाती लागलं फिस्किऑन. फिस्किऑन म्हणजेच पॅरिएटिन. हे द्रव्य रेवंदचिनीच्या मुळांतही असतं. त्याने ल्युकेमियाच्या मानवी पेशींची वाढ मंदावली आणि उंदरांत रोवलेल्या गाठीही कमी वाढल्या. ‘नेचर सेल बायॉलॉजी’ या नियतकालिकात हे काम छापून आलं. मला यातली विकराची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. ‘अमुक अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ असे प्रयोग ढिगाने होतात, आणि काचेच्या बशीतल्या पेशी तर साबणानेही मरतात. इथे द्रव्य कुठल्या कुलपात कुठली किल्ली घालतं हे कळलं. तिथून रोग्याच्या गोळीपर्यंतचा रस्ता मात्र अजून लांब आहे.

दुसरी वाट रंगाऱ्यांची. कॅनरी बेटांच्या समुद्रकड्यांवर रोसेला नावाचं लायकेन लोंबत असतं. ते खरवडून आणायचं, कुस्करायचं, शिळ्या मुतात भिजवायचं, आणि कित्येक आठवडे रोज ढवळत राहायचं. मुतातला अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या राखट लगद्याचा जांभळा रंग करतात. रेशीम आणि लोकर त्याने रंगत. फ्लोरेन्सच्या रुचेल्लाई घराण्याने मध्ययुगात या रंगाच्या व्यापारावर संपत्ती उभी केली. त्यांचं आडनावही याच रंगावरून पडलेलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागद याच भट्टीतला भाऊ. आत घडतं ते असं: लेकॅनोरिक आम्लासारखी द्रव्यं फुटून ऑर्सिनॉल तयार होतं आणि त्यातून ऑर्सीन. ऑर्सीन हे एक द्रव्य नसून चौदा द्रव्यांचं मिश्रण आहे, हे हान्स मुसो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडलं. माझ्या ताटातल्या पार्मोट्रेमा टिंक्टोरमचं नाव रंगाऱ्यांवरून का पडलं, ते आता सांगायला नको. त्याच्या पांढऱ्या थरातही हाच जांभळा दडलेला आहे.

कपड्यांवरून हा रंग सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि औषधशास्त्रावरचे त्याचे उपकार तिथूनच सुरू होतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकं ४८ सांगत होती. स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी पेशी फुगवून, दाबून पसरवल्या, आम्लात विरघळवलेल्या ऑर्सीनने रंगवल्या, आणि १९५६ साली जाहीर केलं की ती ४६ आहेत. पुढे तीनच वर्षांत, डाउन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जादा असतं हे कळलं, ते खरा आकडा माहीत होता म्हणूनच. त्या मोजणीमागे समुद्रकड्यावरच्या लायकेनचा रंग उभा आहे.

आणि मग यकृत. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू काही रोग्यांच्या यकृतपेशीत आपलं बाहेरचं कवच गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवत राहतो. पेशीच्या आत त्याचा एवढा साठा होतो की सूक्ष्मदर्शकाखाली ती दुधी काचेसारखी धुरकट दिसते. पण धुरकटपणावर निदान ठेवणं अवघड. जपानचे तोशिओ शिकाता यांनी १९७४ साली एक पद्धत मांडली. यकृताच्या पातळ कापावर आधी पोटॅशियम परमँगनेट घालायचं. विषाणूच्या कवचातल्या प्रथिनात गंधक भरपूर असतं. परमँगनेटने त्या गंधकाचं रूप बदलतं आणि मग त्याला ऑर्सीन घट्ट चिकटतं. फिकट पार्श्वभूमीवर बाधित पेशी गडद तपकिरी उठून दिसतात. महागडी प्रतिद्रव्यं नकोत, खास यंत्र नको. यकृतात तांबं साठतं अशा विकारांमध्येही याच रंगाचे कण पेशीत दिसतात. कित्येक पॅथॉलॉजिस्टांनी या तपकिरी पेशी पाहून निदानं केली. आता प्रतिद्रव्यांवर आधारित चाचण्या पुढे गेल्या आहेत आणि ऑर्सीनही बहुधा कारखान्यात बनतं. तरी काविळीवर म्हणून शेकडो वर्षं दिलेल्या पिवळ्या लायकेनने जे साधलं नाही, ते एका राखाडी लायकेनने केलं. इलाज नाही, पण रोग डोळ्यांना दिसेल असं केलं. लायकेनच्या रंगांनी वैद्यकाला आजवर दिलेली सर्वांत पक्की देणगी मी हीच मानतो.

तिसरी वाट जपून चालायची. झाडाच्या फांद्यांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखं लोंबणारं उस्निया, आणि त्यातलं पिवळं अस्निक आम्ल. १८४४ साली ते प्रथम वेगळं काढलं गेलं. पेनिसिलीनच्या यशानंतर जिकडेतिकडे नव्या प्रतिजैविकांचा शोध सुरू झाला तेव्हा, १९४०च्या दशकात, अमेरिकेत पॉल बर्कहोल्डर यांनी लायकेनांचे अर्क जिवाणूंवर तपासले. अस्निक आम्लाने बाजी मारली. पू करणारा स्टॅफिलोकोकस, क्षयाचा जिवाणू, असे कित्येक त्यापुढे नमतात. ज्यांना आणखी एक बाहेरचं आवरण असतं असे जिवाणू मात्र दाद देत नाहीत. सोव्हिएत देशात जखमा आणि भाजल्यावर लावायला त्याचा क्षार वापरला जाई. युरोपात मलमांत आणि दुर्गंधीनाशकांत ते आलं. २००४ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला: शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी जे पॉलियुरेथेन वापरतात त्यात अस्निक आम्ल मुरवलं, तर त्यावर स्टॅफिलोकोकसचा चिकट थर जमेना. कॅथेटरवर, कृत्रिम झडपेवर असा थर एकदा जमला की प्रतिजैविकं त्याच्या आत पोचत नाहीत, हे ज्याच्या घरात घडलं आहे त्याला या प्रयोगाचं मोल सांगावं लागणार नाही.

पण अस्निक आम्ल पेशीत नेमकं काय करतं? आपल्या पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया जलविद्युत प्रकल्पासारखे चालतात. अन्नातल्या ऊर्जेने प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला साठवायचे, आणि ते एका अरुंद दारातून परत येताना त्या रेट्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार करायचं. अस्निक आम्ल चरबीत विरघळतं, त्यामुळे त्या पडद्यातून ते सहज आरपार जातं, आणि जाताना प्रोटॉन आपल्याबरोबर नेतं. धरणाच्या भिंतीलाच गळती लागावी तसं होतं. पाणी वाहून जातं, वीज मात्र बनत नाही. पेशी अन्न जाळत राहते, उष्णता बाहेर पडते, इंधन तयार होत नाही.

‘अन्न जळतं, चरबी जळते’ एवढंच ज्यांनी ऐकलं त्यांनी याची वजन उतरवायची गोळी केली. अशी चूक आधीही झाली होती. डायनायट्रोफेनॉल हे याच रीतीने काम करणारं रसायन १९३३नंतर अमेरिकेत वजनासाठी सर्रास विकलं गेलं, माणसं दगावली आणि १९३८ साली ते बंद करावं लागलं. तरीही शतक सरताना अस्निक आम्ल घातलेली लायपोकायनेटिक्स नावाची गोळी तिथल्या दुकानांत आली. ती घेणारी, एरवी धडधाकट असलेली माणसं डोळे पिवळे होऊन रुग्णालयांत येऊ लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती घेऊ नका असा इशारा दिला. गोळीत इतरही द्रव्यं होती. पण नुसतं अस्निक आम्ल वजनासाठी घेऊन यकृत निकामी झाल्याची आणि ते बदलावं लागल्याची नोंदही पुढे वैद्यकीय नियतकालिकात आली. तोंडावाटे गेलेलं जवळजवळ सगळं काही आधी यकृतातून जातं आणि यकृताच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात. घाव तिथेच बसतो. पिवळ्या लायकेनने कावीळ बरी होईल असं म्हणणाऱ्या जुन्या वैद्यांच्या कित्येक पिढ्यांनंतर, पिवळ्या लायकेनच्या द्रव्याने कावीळ झाली.

मसाल्यातल्या चिमूटभर दगडफुलाचा याच्याशी संबंध जोडून कोणी घाबरू नये. पण ‘नैसर्गिक’ म्हणून लायकेनचा अर्क भरलेली कॅप्सूल रोज घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मी माझ्या माणसांपैकी कोणाला घेऊ देणार नाही. स्कँडिनेव्हियात लेथारिया व्हल्पिना हे झगझगीत पिवळं लायकेन आमिषात मिसळून लांडगे आणि कोल्हे मारायला वापरत. ‘व्हल्पिना’ हे नावही कोल्ह्यावरूनच आलं. रंग आणि विष तिथे एकच द्रव्य आहे, व्हल्पिनिक आम्ल. जागचं हलता न येणाऱ्या, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणाऱ्या जिवाला ऊन, जिवाणू आणि खाणारी तोंडं या सगळ्यांपासून बचाव करायचा असतो, आणि तो त्याने रसायनांनी केला आहे. ज्या द्रव्याला जिवाणूची पेशी मोडता येते, त्याला आपली पेशी परकी नसते.

पुण्यात अस्निक आम्लाच्या उस्नियावर झालेलं काम म्हणूनच नीट वाचावं असं आहे. आघारकर संशोधन संस्थेत लायकेनांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला माखिजा यांनी पश्चिम घाटातल्या जाती गोळा करून, ओळखून, त्यांचा संग्रह उभा केला. माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उस्निया घाटेन्सिस या जातीचे तुकडे प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवले. घाटेन्सिस म्हणजे आपल्या घाटातलं. अशा वाढवलेल्या तुकड्यांच्या अर्काने जिवाणू रोखले. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर यकृताच्या ऊतींना इजेपासून या अर्काने वाचवलं असं दिसलं. हे काचपात्रातलं काम होतं, रोग्यांवरचं नव्हे. पण एकाच कुळातला अर्क कमी मात्रेत यकृत राखतो आणि त्यातलं शुद्ध द्रव्य मोठ्या मात्रेत यकृत जाळतं, या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की मात्रेचा प्रश्न किती अवघड आहे ते दिसतं.

आणि त्यांचं प्रयोगशाळेत वाढवणं मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. आज लायकेनमधून एखादं औषध खरोखर सिद्ध झालं तर ते आणायचं कुठून? मूठभर दगडफूल वाढायला वर्षानुवर्षं जातात, खरवडून काढायला काही मिनिटं. आपल्या मसाल्यासाठीच हिमालयातून पोत्यांनी माल उतरतो. त्यात औषध कंपन्यांची मागणी आली तर फांद्या उघड्या पडतील.

म्हणून २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विशेष वाटतो. संशोधकांनी स्यूडएव्हर्निया फर्फ्युरेसिया या लायकेनच्या बुरशीतलं एक जनुक काढलं आणि पाव फुगवणाऱ्या साध्या यीस्टमध्ये घातलं. यीस्टला ना शैवाल मिळालं, ना दगड, ना ऊन. तरी त्याने एक लायकेनचं द्रव्य बनवलं: लेकॅनोरिक आम्ल. माझ्या ताटातल्या सहाव्या तुकड्यावर ब्लीचच्या थेंबाखाली लाल झालं होतं, तेच.